कर्णा आणि चौपानी

आमच्या धाकट्या जावेला सगळा बाजार ‘कर्णा’ म्हणतो. तोंडावर नाही. तोंडावर ‘मावशी’ म्हणतात. लाउडस्पीकरला मोठ्या फुलासारखा पत्र्याचा कर्णा असतो ना, तो. ती डेपोवरून एखाद्या विक्रेत्याला हाक मारते तेव्हा बसस्थानकाच्या दुसऱ्या टोकाला झोपलेली कुत्री उठून बसतात. इतकी वर्षं तिच्या शेजारच्या खोलीत काढल्यामुळे माझा डावा कान गेला, असं माझं मत आहे. डॉक्टरांचं वेगळं आहे.

तिच्याविषयी लिहायचं तर आधी डेपो सांगायला हवा. बसस्थानकाच्या मागे एक बंद पडलेलं सामानघर आहे आणि त्याच्यापुढे लांबलचक सिमेंटचा ओटा. पहाटे टेम्पो येतात, वर्तमानपत्रांचे गठ्ठे धपाधप ओट्यावर पडतात, पट्ट्या कापल्या जातात, पुरवण्या आत सरकवल्या जातात आणि विक्रेते आपापली लाईन घेऊन सायकलींवर निघतात. लाईन म्हणजे ज्याची त्याची ठरलेली घरं. एजन्सी मूळची माझ्या दिरांची. भाऊजींचे गुडघे गेले तेव्हा बायकोने ‘तुम्हाला बरं वाटेपर्यंत’ म्हणून ओट्यावर बसायला सुरुवात केली. भाऊजींना अजून बरं वाटायचं आहे.

डेपोवर तिचा एकच कायदा होता: ओट्यावर उतरलेला गठ्ठा लाईनला जातो. पेपर कुणाचा, आत काय लिहिलंय, याच्याशी डेपोचा संबंध नाही. हा कायदा तिने कुठे वाचला नव्हता आणि कुणाला समजावूनही सांगितला नव्हता. एका विक्रेत्याने एकदा एका घराशी भांडण झालं म्हणून तिथला पेपर टाकला नाही. त्याची लाईन तिने त्याच दिवशी काढून घेतली. पेपर तिने स्वतः नेऊन टाकला, आणि त्या घरालाही चार शब्द सुनावले, कारण भांडणात चूक घराची होती.

आता राजकारण. आमच्याकडे दोन पक्ष. दोघांची कार्यालयं बाजारातल्या एकाच इमारतीत, एकाचं माडीवर, दुसऱ्याचं खाली. म्हणून ‘वरचे’ आणि ‘खालचे’. सत्ता कुणाचीही असो, वरचे ते वरचे आणि खालचे ते खालचे. आमची धाकटी हाडामांसाने वरची. साधीसुधी नाही, कडवी. तिच्या मते खालच्यांच्या घरातली तान्ही मुलंसुद्धा खोटं रडतात.

आणि चौपानी म्हणजे गावातला चार पानांचा पेपर. त्याला रीतसर नाव आहे, पण ते संपादकालाही आठवावं लागत असेल. संपादक एकेकाळी खालच्यांच्या प्रचाराची भाषणं लिहून द्यायचा, नंतर त्याने पेपर काढला, आणि भाषणाची सवय काही गेली नाही. वरच्यांच्या नगरसेवकांना तो अशी टोपणनावं देई की त्यांची मुलं शाळेत रडकुंडीला येत. धाकटी चौपानीचा अंक दोन बोटांत धरून, मेलेल्या उंदराचं शेपूट धरावं तसा, बाकीच्या पेपरांच्या ढिगावर टाकायची. “ह्या माणसाला हात दिले ते देवाने चुकून दिले,” हे रोजचं. पण टाकायची. चौपानी घेणाऱ्या एकाही घरी तो कधी चुकला नाही.

मला हे सगळं माहीत, कारण पेपर दारात पडेपर्यंत मला धीर धरवत नाही. मी पहाटे फिरायला जाते आणि डेपोवरच पेपर उचलते. तिथल्या एका रिकाम्या खोक्यावर बसून वाचते. धाकटी त्याला ‘ताईंचं सिंहासन’ म्हणते.

ज्या वर्षाची गोष्ट सांगते आहे त्या वर्षी सत्ता वरच्यांची होती आणि पालिकेची निवडणूक तोंडावर आली होती. आमचा वॉर्ड चढावर. नळाला पाणी चढायचं नाही. धाकटीने बायकांना घेऊन पालिकेच्या पायऱ्यांवर किती वेळा ठिय्या दिला याची गणती नाही. स्वतःचाच पक्ष सत्तेत असताना त्याच्याच पायऱ्यांवर बसून ती खालच्यांना शिव्या द्यायची. शेवटी टाकी मंजूर झाली, बांधली गेली, रंगसुद्धा लागला. उद्घाटनाला मंत्री येणार होते. आणि वरच्यांच्या शहराध्यक्षाने, ज्याला सगळे नुसतं ‘अध्यक्ष’ म्हणतात, भर सभेत जाहीर केलं होतं, “ह्या वॉर्डात आमच्या उमेदवार वहिनीच.” तेव्हापासून धाकटी जमिनीवर नव्हती. पोस्टरसाठी फोटो काढून आली. त्यासाठी माझा चष्मा घालून गेली होती, शिकलेली दिसावी म्हणून. फोटोत ती शिकलेली दिसत नव्हती, पण कुणाचा तरी चष्मा हरवला आहे हे मात्र स्पष्ट दिसत होतं.

उद्घाटनाच्या दिवशी पहाटे चौपानीचा टेम्पो आला. तिने गठ्ठा कापला, वरचा अंक उचलला आणि उभ्या उभ्या वाचला. मथळा असा: टाकी गळते, उद्घाटन होते. खाली लिहिलं होतं की टाकीची चाचणी अर्धवट पाणी भरूनच उरकली, पूर्ण भरली की बुडाशी पाझर लागतो, आणि अभियंत्याने तसं कळवूनही घाईने मुहूर्त काढला.

“भिकारडा!” धाकटी ओरडली. सामानघराच्या छपरावरची कबुतरं उडाली. “मुहूर्त बरा साधला मेल्याने! माझ्या टाकीवर टपून बसला होता!”

विक्रेते खाली मान घालून पुरवण्या घालत होते आणि गालात हसत होते. तेवढ्यात ओट्यापाशी अध्यक्षाची गाडी थांबली. छापखान्यातून कुणीतरी त्याला फोन केला असणार. शर्टाची बटणं वरखाली लागली होती. सोबत दोघे होते, ते गाडीपाशीच उभे राहिले.

“वहिनी, चौपानी उतरला?”

“उतरला. बसलेय त्याच्यावरच.” ती खरंच गठ्ठ्यावर बसली होती.

“मग बसूनच राहा. फक्त आजचा दिवस. उद्या वाटा ना, माझं काही म्हणणं नाही.”

“उद्या? अध्यक्ष, उद्या तो पेपर नसतो, रद्दी असते.”

“तेच तर!” अध्यक्ष खूश झाला. मग त्याच्या लक्षात आलं की ती खूश नाही. “वहिनी, मंत्री येतायत. टाकी कुणाची? तुमची. वॉर्ड कुणाचा? तुमचा. हे मी तुम्हाला सांगायचं?”

“खोटं आहे ना हे सगळं?”

“शंभर टक्के खोटं.”

“मग झालं तर! अडवायचं कशाला? उत्तर द्या.” ती उठून उभी राहिली. कल्पना सुचली की तिला बसवत नाही. “पत्रक काढा. छापखाना कोपऱ्यावर आहे. ‘हे धादांत खोटं आहे, हा बघा चाचणीचा दाखला’, एवढं छापून आणा. प्रत्येक चौपानीच्या पोटात मी स्वतःच्या हाताने घालते. फुकट घालते. लोक दोन्ही वाचतील आणि त्याच्याच पेपरात त्याचं थोबाड फुटेल. अहो, पत्रकं घालणं हा आपला धंदा आहे!”

अध्यक्षाने घड्याळाकडे पाहिलं, मग गाडीपाशी उभ्या असलेल्या दोघांकडे. “एवढ्या घाईत कसं...”

“चार ओळींना काय घाई? मी सांगते, लिहून घ्या. माझी पोरं निघायच्या आत आणा म्हणजे झालं.”

“बघतो,” अध्यक्ष म्हणाला आणि गाडी गेली.

धाकटीने त्या दिवशी चौपानी सगळ्यांत शेवटी ठेवला. आधी मोठे पेपर, मग पुरवण्या, मग किराणा दुकानाच्या जाहिराती. हात चालू होते आणि नजर कोपऱ्यावर. एका विक्रेत्याने विचारलं, “मावशी, चौपानी लावू का?” तर त्याच्यावर खेकसली, “थांब, त्यात घालायचंय काहीतरी.” लाईनी लागल्या. सायकली भरल्या. लोक ताटकळले. कोपऱ्यावरून कुणी आलं नाही.

“ताई, छापखाना बंद असेल का हो?” तिने मला विचारलं.

“येताना बघितला मी. दिवा होता. मशीनही चालू होतं.”

आणखी थोडा वेळ तिने कोपऱ्याकडे पाहिलं. मग चौपानीचे अंक मोजून ज्याचे त्याच्यापुढे सरकवले आणि म्हणाली, “उचला. उशीर झालाय.” आवाज इतर बायकांसारखा होता. मला तो पहिल्यांदा नीट ऐकू आला नाही.

मंत्र्यांचा घसा अचानक बसला, ते आले नाहीत. अध्यक्षानेच फीत कापली, टाळ्याही त्याच्याच माणसांनी वाजवल्या. धाकटी हजर होती. सगळे गेल्यावर ती मागे राहिली आणि जेवायच्या वेळेला घरी आली. हात धुवायला गेली, तर आधीच हाताला चुन्याची ओल लागलेली.

“बुडाशी हात लावून आले,” ती म्हणाली. “पाझरतेय, ताई.” मग ताट ओढत, “पण टाकीची उंची चुकीची लिहिलीय गाढवाने.”

दुपारी आमच्याकडे खालच्यांचा प्रवक्ता आला. बरोबर कॅमेरावाला आणि फुलांचा भलामोठा गुच्छ. पहाटेची बातमी डेपोवरून सकाळीच पसरली होती, त्यात नवल नाही. विक्रेते घरोघर पेपर टाकतात तसं बाकीचंही टाकतात. आमची बाहेरची खोली म्हणजे एक पलंग, दोन खुर्च्या आणि न खपलेल्या, परतीच्या अंकांचे ढीग. भाऊजी पलंगावर गरम पाण्याची पिशवी गुडघ्यावर घेऊन बसले होते.

“बाई, आज तुम्ही लोकशाही वाचवलीत!” प्रवक्ता दारातूनच म्हणाला.

“मी पेपर टाकले. कालही टाकले होते. काल नाही आलात?”

“एवढं दडपण झुगारून...”

“ती कॅमेऱ्याची तिपाई जरा बाजूला घ्या, यांच्या गुडघ्याला लागेल.”

“आपल्या पक्षाच्या विरुद्ध उभं राहायला धैर्य लागतं, बाई. सत्ताधाऱ्यांनी वृत्तपत्राचा गळा घोटायचा प्रयत्न केला आणि तुम्ही...”

“थांबा.” कर्णा लागला. “तुमचं राज्य होतं तेव्हा आमच्या पक्षाच्या साप्ताहिकाचे गठ्ठे टेम्पोतून उतरवून नाल्यात कुणी टाकले होते? आम्ही ते काढून ह्याच खोलीत वाळवले. पंखा लावून. हे साक्षीला आहेत.”

“मी साक्षीला आहे,” भाऊजी म्हणाले. “वास गेला नाही पावसाळाभर.”

“ते प्रकरण वेगळं होतं, बाई. त्यात बदनामीकारक मजकूर होता.”

“आजच्यातही होता. अध्यक्षांना विचारा.”

कॅमेरावाला हसला. प्रवक्त्याने त्याच्याकडे पाहिलं आणि तो हसायचा थांबला. “बरं, अध्यक्षांनी तुम्हाला काही आमिष वगैरे? पैसे?”

“छे! पैसे कसले? तसा वाईट माणूस नाही तो. घाबरला होता बिचारा.”

प्रवक्त्याने मान डोलावली, गुच्छ टेकवायला जागा शोधली, ती नव्हती, म्हणून भाऊजींच्या मांडीवर ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी डेपोवर पोचले तेव्हा धाकटी ओट्याच्या कडेला पाय सोडून बसली होती. चौपानीचा गठ्ठा शेजारी, कापलेला. अंक तिने मला दिला. पहिल्या पानावर तिचा फोटो, तोंड उघडं. मथळा: सत्ताधाऱ्यांना घरचा आहेर! खाली, तिच्या तोंडी, अवतरणचिन्हांत: “पक्षाने पैसे देऊ केले. मी लाथाडले.”

“हे कधी म्हणालीस तू?” मी विचारलं.

“हेच मी केव्हाची आठवतेय.”

अध्यक्षाची गाडी आलीच. या खेपेला बटणं नीट लागली होती. तो चिडलेला नव्हता. मला तर तो मनातून समाधानी वाटला.

“वाचलंत, वहिनी? असल्या माणसासाठी तुम्ही काल माझा शब्द मोडलात.”

“मी असं म्हणालेले नाही, अध्यक्ष.”

“मला सांगता? मी ओळखतो ना तुम्हाला. अहो, आता पक्षाचा प्रश्नच नाही. तुमच्या अब्रूचा आहे. खोटं आहे हे कुणी दुसऱ्याने सांगायला नको, तुम्हालाच माहीत आहे. एवढा एक अंक लाईनला जाऊ देऊ नका. कोण नावं ठेवील? रविवारी तिकिटांची समिती बसतेय. तिथे कालच्यावरून कुरकुर आहे. मी सांगतो त्यांना, वहिनींनी चूक सुधारली. विषय संपला.”

लपवत नाही, मला त्याचं म्हणणं पटलं. कॉलेजात आम्हाला विचारस्वातंत्र्यावर एक आख्खी पुस्तिका होती आणि त्यात थापा मारण्याच्या स्वातंत्र्याचा उल्लेख नव्हता. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, “अगं, आजचा राहू दे. कालची गोष्ट वेगळी, ती बातमी होती. ही निव्वळ थाप आहे. तुझं आयुष्यभराचं काम आहे ते तिकीट म्हणजे. ह्या भुरट्या लोकांसाठी घालवू नकोस.”

“खोटं असेल ते अडवायचं, असं म्हणताय?”

“ह्या बाबतीत, हो.”

“ताई, काल मला टाकीचंही खोटंच वाटलं होतं की.”

मी माझ्या सिंहासनावर परत जाऊन बसले.

“आणि खोटं आहे म्हणून अडवायला लागले,” ती पुढे म्हणाली, आता सगळ्या ओट्याला ऐकू जाईल अशी, “तर मोठ्या पेपरची अर्धी पानं मला रोज फाडावी लागतील. त्यात जाहिराती धरल्या नाहीत.”

“वहिनी, मस्करी नाही ही,” अध्यक्ष म्हणाला.

“नाहीच आहे. काय रे, बघत काय बसलात? उचला!”

एका म्हाताऱ्या विक्रेत्याने जरा घुटमळून विचारलं, “मावशी, तुमच्यावरच आहे हे. टाकायचं?”

“तुझी लाईन काय माझ्या माहेरची आहे? टाक!”

आमच्या वॉर्डाची लाईन त्या दिवशी तिने स्वतः घेतली. चढावर धापा टाकत गेली. चौपानी घेणाऱ्या प्रत्येक दारात अंक हातात देऊन सांगायची, “पहिल्या पानावर मी आहे. तिथलं माझ्या तोंडचं वाक्य माझं नाही. बाकीचं तुमचं तुम्ही बघा.” न घेणाऱ्या घरांनाही खिडकीतून ते सगळं ऐकू गेलं. त्यामुळे त्या दिवशी चौपानीचा खप वाढला.

तिथून ती थेट संपादकाकडे निघाली. मारामारी होईल म्हणून मी सोबत गेले. चौपानीची कचेरी पिठाच्या गिरणीवर आहे. जिना पांढरा, टेबल पांढरं, संपादकाच्या भुवयाही पांढऱ्या, त्यातलं पीठ किती आणि वय किती ते सांगणं कठीण.

“या या, बाई! कसा झालाय अंक?”

“मी कधी म्हणाले पैसे देऊ केले म्हणून?”

“प्रवक्त्यांनी सांगितलं.”

“माझं बोलणं त्यांच्या तोंडून? मी डेपोवर होते. घरी होते. विचारायला तुमचं कुणी फिरकलं?”

“अहो, भावार्थ तोच ना! दडपण आणलं, म्हणजे काहीतरी देऊ केलंच असणार.”

“भावार्थ तुमचा आणि तोंड माझं, असं कसं चालेल?”

“बाई, मी तुमच्या बाजूने लिहिलंय!”

“मी मागितली होती बाजू?”

खालची गिरणी सुरू झाली आणि पुढचं थोडं मला ऐकू आलं नाही. तिला अर्थातच फरक पडला नाही. गिरणी थांबली तेव्हा संपादक हात जोडल्यासारखे करून म्हणत होता, “खुलासा छापला तर वरचे नाचतील. म्हणतील, चौपानीवाला खोटारडा. मग टाकीची बातमीही खोटी ठरवतील. ही लढाई आहे, बाई.”

“टाकीची बातमी खरी आहे. मी हात लावून आलेय. ती तुम्ही छापलीत, त्याबद्दल मी तुम्हाला मनातून शिव्या दिल्या आणि आता त्या परत घेतल्या. पण त्या खऱ्याला टेकू द्यायला माझ्या नावाचं खोटं कशाला लागतं?”

संपादकाने टेबलावरचं पीठ बोटाने एका रेषेत सारलं. माणूस पक्षपाती होता, पण पेपर काढणारा होता. खुलासा छापून आला, तिसऱ्या पानावर, सिनेमाच्या वेळांखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. धाकटीने तो ओट्यावर उभं राहून मोठ्याने वाचून दाखवला, त्यामुळे अक्षरांचा आकार गौण ठरला.

त्या आठवड्यात गावात वृत्तपत्रस्वातंत्र्याचा पूर आला. वरच्यांनी पालिकेच्या जाहिराती चौपानीला द्यायच्या नाहीत असा ठराव केला आणि त्याला ‘जबाबदार पत्रकारितेचं रक्षण’ म्हटलं. खालच्यांनी तोंडाला काळ्या पट्ट्या बांधून मोर्चा काढला आणि पट्ट्या काढून भाषणं केली. मी दोन्हीकडची भाषणं ऐकली, सवय आहे. स्वातंत्र्य हा शब्द दोन्हीकडे भरपूर होता. टाकी पाझरते आहे आणि चढावरच्या बायका अजून टँकरची वाट बघताहेत, हे कुठेच नव्हतं. नाल्यातल्या साप्ताहिकाचं तर सोडाच. धाकटीला दोन्हीकडून बोलावणं होतं, ती कुठेच गेली नाही. रविवारची तयारी करत होती.

रविवारी आम्ही तिघं गेलो. भाऊजींना जिना चढवेना, तेव्हा खालच्यांच्या दारात कुणीतरी त्यांना खुर्ची दिली आणि ते शत्रूच्या उंबऱ्यावर निवांत बसले. तिला म्हणाले, “हे बघ, विचारतील ते हो म्हण आणि मोकळी हो. उद्या कोण तपासायला येतंय?”

सल्ला चुकीचा नव्हता. खोटं बोलण्याचं तिला वावडं नाही. समितीला दिलेल्या माहितीत तिने आपलं वय असं लिहिलं होतं की त्या हिशेबाने तिचं लग्न बालवाडीत झालं. मला घरी ‘संपला’ म्हणून सांगितलेला चिवडा मी स्वतः तिच्या कपाटात पाहिला आहे. खोटं बोलताना तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही.

मी माडीवर बाहेरच्या बाकावर बसले. दार अर्धवट लोटलेलं. समितीतला सगळ्यांत ज्येष्ठ माणूस सावकाश बोलत होता, जुन्या मास्तरांसारखा.

“वहिनी, तुमचं काम आम्हाला माहीत आहे. टाकी तुमच्यामुळे झाली. चुका सगळ्यांच्याच होतात. एकच विचारतो आणि तिकीट तुमचं. पुन्हा तसला अंक आला आणि पक्षाने सांगितलं थांबवा, तर थांबवाल ना?”

रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती.

“म्हणजे चौपानी अडवायचा?” धाकटीचा आवाज.

“चौपानी किंवा जो कोणता असेल तो.”

“नाही.”

“निवडणुकीपुरतं तरी?”

“अहो, निवडणुकीतच तर लोक पेपर वाचतात! एरवी भजी बांधतात.”

कुणीतरी हसलं. अध्यक्षाचा आवाज आला, “वहिनी, विचार करून बोला. नुसतं हो म्हणायचंय.”

“केलाय विचार. माझ्याकडून काय हवं ते घ्या. घसा फुटेस्तोवर प्रचार करते. खालच्यांच्या सात पिढ्या काढते. त्या चौपानीवाल्याच्या तोंडावर त्याला गाढव म्हणते, म्हटलंही आहे. टाकीचं काम परत करून घ्या, ठेकेदाराच्या डोक्यावर मी जाऊन बसते. पण ओट्यावर आलेला गठ्ठा अडवणार का, तर नाही. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठीही नाही. परवा माझ्यावरचाच होता, तोही गेला.”

ज्येष्ठ माणूस म्हणाला, “ठीक आहे.” खुर्च्या सरकल्या.

ती बाहेर आली, मला म्हणाली, “चला.” जिना उतरताना कठडा धरून उतरली, एरवी धरत नाही. खाली भाऊजींनी विचारलं, “झालं?”

“झालं.”

“मिळालं?”

“नाही.”

भाऊजी खुर्चीतून उठायला लागले, तेवढ्यात आतून खालच्यांचा प्रवक्ता लगबगीने आला. वरचं खाली किती लवकर येतं! “बाई, त्यांनी तुमची किंमत ओळखली नाही. आमच्याकडे जागा आहे. आत्ता, ह्या क्षणी!”

“यांना खुर्ची दिलीत तेवढी पुरे. उपकार झाले.” आणि तिने भाऊजींच्या काखेत हात घातला.

घरी जाताना भाऊजी पुढे आणि आम्ही दोघी मागे. मला राहवेना. “अगं, हो म्हणायला काय जात होतं? एरवी दिवसातून दहा थापा मारतेस.”

“त्यांनी विश्वास ठेवला असता, ताई.”

बाकी वाट ती समितीच्या चहाला नावं ठेवत चालली. साखर नव्हती म्हणे. रात्री जेवली नाही. पोस्टरचा फोटो भिंतीला टेकवून ठेवला होता, तो उलटा केला. पहाटे तिच्या खोलीचा दिवा नेहमीच्या वेळेला लागला.

तिकीट अध्यक्षाच्या चुलत बहिणीला मिळालं. आमच्या चढावर ती आधी कधी आली नव्हती. पहिल्याच फेरीत तिची चप्पल तुटली. वॉर्डातल्या बायका धाकटीच्या मागे लागल्या, अपक्ष उभ्या राहा, आम्ही निवडून आणतो. तिने त्यांना हाकलून दिलं. “पक्षाविरुद्ध उभी राहू? डोकी फिरलीत का तुमची?” मग त्या बायका माझ्याकडे आल्या, हिला काही कळत नाही का म्हणून. मी म्हटलं, तिला काय कळतं आणि काय नाही याचा नाद मी सोडला आहे, तुम्हीही सोडा.

मतदानाच्या दिवशी मी सकाळीच गेले. केंद्राबाहेर दोन्ही पक्षांची टेबलं लागली होती. वरच्यांच्या टेबलामागे धाकटी बसली होती, मतदारांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या काढून देत, आणि समोरच्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या उमेदवाराचं शिक्षण काढत.

आमच्या गल्लीतली शिंपीण माझ्यापुढे होती. चिठ्ठी घेताना ती म्हणाली, “एवढं डावललं तुम्हाला, तरी ह्यांच्याच टेबलावर, मावशी?”

“मग कुणाच्या बसू? पक्ष माझा आहे.” धाकटीने चिठ्ठी फाडून तिच्या हातात दिली. “अध्यक्षाचा थोडाच आहे! सरका पुढे, रांग खोळंबलीय. ताई, तुमचं नाव सापडत नाहीये. मेलात की काय मागच्या वेळेपासून?”